झाकले जाणारे काम

सुताराच्या कामातली खोट डोळ्यांना दिसते, गवंड्याची वाकडी भिंत ओळंबा लावताच उघडी पडते. पण तार एकदा जमिनीत पुरली, वर माती लोटली, की तिचे काम चांगले की वाईट हे सांगायला पावसाळाच यावा लागतो. आपल्या पनवेलास खाडीची खारी हवा आहे आणि कोकणचा पाऊस तर आहेच. तेव्हा या झाकलेल्या कामाचा इतिहास आपण थोडा उकरून पाहू.

पनवेलास नगरपालिका आली १८५२ साली. त्याच सुमारास बंगालमध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारायंत्राची वाट सुरू झाली होती. ती घालणारा विल्यम ओशॉनेसी हा पेशाने डॉक्टर. बारीक तार इकडच्या वादळात टिकणार नाही, तिच्यावर माकडे लोंबकळतील, हे ओळखून त्याने जाड लोखंडी गज वापरले. जमिनीखालून नेताना गजाला डांबरात भिजवलेले मद्रासी कापड गुंडाळले, तो कौलांच्या पन्हाळीत ठेवला आणि वर राळ व वाळू यांचे मिश्रण ओतले. साधने साधी, पण कसब अस्सल!

याउलट तांबड्या समुद्रातली गोष्ट पाहा. सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत १८५९-६० मध्ये केबल टाकली गेली. समुद्राचा तळ उंचसखल; पण केबल ताणून घातली, सैल सोडली नाही. ती खडकाखडकांवर अधांतरी लोंबली आणि जागोजाग तुटली. भांडवलाला सरकारची हमी होती, म्हणून मुक्या केबलीपायी दरसाल ३६,००० पौंड पन्नास वर्षे भरावे लागले. काम बिघडवले एकांनी, पैसे भरले त्यांच्या नातवंडांनी! सुएझ-एडन-मुंबई ही केबल पुढे १८७० साली आली, तेव्हा कुठे हे काम मार्गी लागले.

मुंबईत टेलिफोन आला १८८२ साली. दोन तारांना पीळ दिला की शेजारच्या तारांतले बोलणे त्यांत कमी मिसळते, हे तोवर कळू लागले होते. पुढे तारांना कागदाचे वेष्टण आणि वर शिशाची नळी आली. सांध्यात सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले, तरी ओल शिरून कागद भिजे आणि कित्येक घरांचे टेलिफोन एकदम मुके होत. म्हणून चांगला जॉइंटर सांधा पुरता कोरडा केल्यावाचून झाकत नसे.

आज संगणकाच्या जाळ्यात तोच पीळ आहे: आठ तारा, चार जोड्या. टोकाशी पीळ सुमारे १३ मिलिमीटरहून अधिक उकलू नये, असा दंडक आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; येथे पीळ गेला की सुंभ असूनही निकामी! काचेचा तंतूही फार वाकवला, तर आतला प्रकाश बाहेर सांडतो.

पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाली आणि रस्त्यांखालच्या केबली वाढतच आहेत. पावसाळा आता दूर नाही. आम्ही नागरिक रस्ता खणला म्हणून कुरकुरतो, बुजवला म्हणजे खूश होतो. खरे तर बोट दाखवण्याची वेळ या दोहोंच्या मधली. चर उघडा असतानाच विचारावे: सांधा तपासला काय? केबल पुरेशी खोल आहे काय? कोणाची कोठून जाते, याची नोंद झाली काय? माती पडल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो तो पाऊसच.