पायाची जखम दुखत नाही? मग जास्त जपा! भेगा, चिखल्या, कुरूप ते मधुमेहाचा पाय: काय करावं, काय टाळावं

शेतात राबणारा माणूस पायाच्या दुखण्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. काटा मोडला की सुईनं काढायचा, कुरूप झालं की ब्लेडनं तासायचं, भेग पडली की बिब्बा लावायचा, असं घरोघरी चालतं. बऱ्याच वेळा निभावूनही जातं. पण साखर असेल, पाय बधिर असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर हेच घरगुती उपाय बोट किंवा अख्खा पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतात. म्हणून कोणतं दुखणं घरी बरं होतं आणि कोणतं नाही, हे ओळखता आलं पाहिजे.

टाचांच्या भेगा
अनवाणी चालणं, कोरडी हवा आणि टाचेची जाड झालेली कातडी यामुळे भेगा पडतात. रात्री पाय धुऊन नीट पुसा आणि व्हॅसलिन, खोबरेल किंवा कोकमतेल लावून सुती मोजे घाला. युरिया असलेलं मलमही चांगलं. बिब्ब्यानं कातडी भाजते, तो लावू नका. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर दवाखान्यात दाखवा.

चिखल्या
भात लावणीच्या दिवसांत किंवा उसाला पाणी देताना पाय तासन् तास ओले राहतात. मग बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाज सुटते, वास येतो. घरी आल्यावर पाय साबणानं धुवा आणि बेचक्या कोरड्या करा. ओले बूट-मोजे परत घालू नका. बुरशीवरचं मलम डॉक्टर सांगतील तितके दिवस लावा, खाज थांबली म्हणून लगेच सोडू नका. मेडिकलमधून मागून आणलेल्या काही मलमांत स्टिरॉइड असतं. त्यानं आधी बरं वाटतं, मग बुरशी आणखी पसरते.

कुरूप
घट्ट चप्पल-बूट एकाच जागी घासत राहिले की तिथली कातडी कडक होते, तेच कुरूप. आधी पादत्राण बदला, नाहीतर कुरूप पुन्हा येणारच. कोमट पाण्यात पाय भिजवून वरची कातडी हलक्या हातानं घासा. ब्लेड लावू नका. तळपायाला गाठ असून तिच्यात काळे ठिपके दिसत असतील तर ती चामखीळ असू शकते, तिचा इलाज वेगळा आहे. मधुमेह असलेल्यांनी कुरुपाची पट्टीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

टाचदुखी
सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चार पावलं चालल्यावर कमी होते. तळपायाच्या जाड पट्ट्यावर ताण आल्यानं हे होतं. मऊ तळाची चप्पल घाला. पाण्याची बाटली तळपायाखाली घेऊन मागे-पुढे फिरवा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. हे रोज करायचं, आराम पडायला काही आठवडे ते महिने लागतात. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. पुष्कळ लोकांना ते असतं आणि दुखत नाही.

नख रुतणे
अंगठ्याचं नख कोपऱ्यात खोल कापलं की ते मांसात घुसतं. नख सरळ कापा. कोपरा सुजला, पू झाला तर घरी कोरत बसू नका.

फुगलेल्या शिरा
बराच वेळ उभं राहून काम करणाऱ्यांच्या पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगतात. बसताना पाय वर ठेवा. घोट्याजवळ कातडी काळवंडली किंवा जखम भरत नसेल तर सर्जनला दाखवा.

सगळ्यात धोक्याचा: मधुमेहाचा पाय
साखर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग खडा टोचला, चप्पल चावली, गरम पाण्यानं भाजलं तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम आत खोल जाते. विडी-तंबाखू असेल तर रक्तवाहिन्या अरुंद होऊन धोका आणखी वाढतो. साखर नसतानाही विडीमुळे बोटं काळी पडू शकतात.

घरी एक सोपी तपासणी करता येते. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटानं हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर होत असल्याची ती खूण आहे. डॉक्टरांना सांगा.

साखर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना बघायला सांगा. घरातही चप्पल घाला, घालण्याआधी ती झटका. पाय शेकू नका. बेचक्यात तेल-मलम लावू नका.

बधिरपणा कुष्ठरोगातही येतो. अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर लपवू नका. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

खिळा-काटा रुतला तर
वाहत्या पाण्यात साबणानं धुवा. हळद, चुना, तंबाखू, शेण काही भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का, ते त्याच दिवशी दवाखान्यात विचारा.

दाखवायचं कुणाला?
फक्त पायाचे आजार बघणाऱ्यांना पोडियाट्रिस्ट म्हणतात, पण आपल्याकडे ते मोठ्या शहरांतच, तेही मोजके. म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून गरजेप्रमाणे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात सर्जन, हाडांचे किंवा त्वचेचे डॉक्टर यांच्याकडे पाठवतात. तिशी ओलांडलेल्यांनी तिथेच साखर आणि बीपीही तपासून घ्यावं.

थांबू नका, लगेच जा:
- साखर असलेल्या माणसाच्या पायाला कोणतीही जखम किंवा फोड
- बोट काळं-निळं किंवा थंडगार पडणं
- जखमेला दुर्गंधी, लाली वर चढणं, ताप
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखणं. सोबत दम लागत असेल तर १०८ ला फोन करा

(ही सर्वसाधारण माहिती आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.)