नेचे, परभणी जिल्ह्यातील

बीजाऐवजी बीजुकांद्वारे प्रजोत्पादन करणाऱ्या वाहिनीवंत वनस्पतींचा गट. कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते. पक्व पानाच्या मागे तपकिरी बीजुकपुंज दिसतात. बीजुकापासून बहुधा हृदयाकृती, चपटा गंतुकधारी (गंतुके म्हणजे लैंगिक पेशी निर्माण करणारी पिढी) वाढतो. त्यातील पुं-गंतुके पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंदुकापर्यंत (स्त्री-गंतुकापर्यंत) जातात. म्हणून ओलाव्याशिवाय नेच्यांचे जीवनचक्र पुरे होत नाही.

परभणी जिल्ह्यात सपाट काळी जमीन अधिक, वन अत्यल्प आणि पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात. त्यामुळे सह्याद्रीतल्यासारखी नेच्यांची गर्दी येथे नाही. जिंतूर तालुक्यातील डोंगरांच्या सावलीच्या कपारी, गोदावरी, पूर्णा व दुधना यांना मिळणाऱ्या ओढ्यांचे काठ, तसेच जुन्या विहिरी व बारवा ही अशा वनस्पतींना सोयीची ठिकाणे होत.

प्रमुख प्रकार : हंसराज (ॲडिअँटम) ओलसर दरडींवर व विहिरींच्या भिंतींवर वाढतो. त्याचे देठ काळे, चकचकीत असतात व पानांवर पाणी ठरत नाही. ॲडिअँटम फिलिपेन्स या जातीच्या पानाचे टोक जमिनीला टेकले की तेथे नवे रोप फुटते. मयूरशिखा (ॲक्टिनिऑप्टेरिस रॅडिएटा) खडकांच्या भेगांत वाढते. उन्हाळ्यात ती सुकून आक्रसते आणि पावसानंतर पुन्हा हिरवी होते. टेरिस व्हिटाटाला चुन्याच्या जुन्या भिंती मानवतात; हा नेचा जमिनीतील आर्सेनिक पानांत साठवतो, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. चार दलांचे पान असलेला मार्सिलिया डबक्यांत वाढतो. त्याची कठीण बीजुकफळे चिखल सुकल्यावरही अनेक वर्षे जिवंत राहतात.

सहचर वनस्पती : ओढ्याकाठी उंबर, जांभूळ व करंज सावली देतात. त्यांच्याखाली माका, जलब्राह्मी व लव्हाळा, तर उथळ पाण्यात पाणकणीस आढळते. ओल्या दगडांवर शेवाळी वाढतात.

संवर्धन : वालूर, चारठाणा व पिंगळी येथील बारवा जिल्ह्याचा मोलाचा वारसा आहेत. बारवांच्या दुरुस्तीत वड-पिंपळाची रोपे काढावीच लागतात, कारण त्यांची मुळे चिरे फोडतात. नेच्यांची मुळे मात्र बारीक, तंतुमय असतात. त्यामुळे पायऱ्या व शिल्पे मोकळी करून पाझराच्या जागेवरील नेचे राखणे योग्य ठरते. ओढ्याकाठची झाडे तोडली की सावली जाते, काठ तापतो आणि तेथील नेचे नाहीसे होतात. म्हणून काठावरील झाडे राखणे हा ओढ्याकाठच्या नेच्यांच्या रक्षणाचा खात्रीचा उपाय आहे.