गांधीहत्येचा कट : उपपत्ती आणि वाद

मोहनदास करमचंद गांधी यांच्या ३० जानेवारी १९४८ रोजी झालेल्या हत्येमागे कोण होते, कटाची व्याप्ती किती होती, पोलिसांना तो रोखता आला असता का आणि मारेकऱ्याचा हेतू काय होता, या प्रश्नांवर गेली सात दशके चाललेला वाद. जगातील इतर गाजलेल्या राजकीय हत्यांच्या तुलनेत या वादाची मांडणी उलटी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येनंतर १९६४ मध्ये वॉरन आयोगाने एकट्या मारेकऱ्याचा निष्कर्ष काढला आणि कट असल्याचे संशयी लोक सांगत राहिले. गांधीहत्येत मात्र सरकार पक्षाने कट मांडला, न्यायालयाने तो मान्य केला आणि ‘मी एकट्याने केले’ हा दावा मारेकऱ्याचा होता. त्यामुळे येथे वाद कट होता की नव्हता याचा नसून मुख्यतः त्याची हद्द कोठे संपते याचा आहे.

घटना आणि खटला

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनासभेच्या वेळी मदनलाल पाहवा या पंजाबी निर्वासित तरुणाने गनकॉटनचा स्फोट घडवला. तो जागीच पकडला गेला. त्याचे साथीदार निसटले. दहा दिवसांनी त्याच ठिकाणी, सायंकाळी पाचच्या सुमारास प्रार्थनेला निघालेल्या गांधींवर पुण्याच्या ‘हिंदू राष्ट्र’ (पूर्वीचे ‘अग्रणी’) या वृत्तपत्राचा संपादक नथुराम विनायक गोडसे याने बेरेटा पिस्तुलातून अगदी जवळून गोळ्या झाडल्या.

खटला लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर चालला. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा, शंकर किस्तय्या, गोपाळ गोडसे, विनायक दामोदर सावरकर आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे असे आठ आरोपी होते. पुण्यातील शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालाने नथुराम व आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप झाली आणि सावरकर निर्दोष सुटले. २१ जून १९४९ रोजी पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने सिमल्यात अपिलाचा निकाल देताना परचुरे व किस्तय्या यांनाही सोडले. इतरांच्या शिक्षा कायम राहिल्या. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला तुरुंगात गोडसे व आपटे यांना फाशी देण्यात आली.

नथुरामने न्यायालयातील निवेदनात कटाचा आरोप नाकारून सारी जबाबदारी स्वतःवर घेतली होती. दोन्ही न्यायालयांनी हा बचाव फेटाळला. २० जानेवारीच्या आधीच्या गाठीभेटी, शस्त्रांची ने-आण, कॅनॉट प्लेसमधील मरीना हॉटेलात गोडसे व आपटे यांनी खोट्या नावांनी केलेला मुक्काम आणि ग्वाल्हेरहून मिळवलेले पिस्तूल यांची साखळी एकट्याच्या कृत्याशी जुळत नव्हती.

कटाची व्याप्ती : सावरकरांविषयीचा वाद

सर्वांत दीर्घ आणि आजही राजकीय धग असलेला वाद सावरकरांच्या सहभागाचा आहे. बडगेच्या साक्षीनुसार १७ जानेवारीला गोडसे व आपटे दादरच्या सावरकर सदनात गेले, तो स्वतः तळमजल्यावर थांबला आणि ते खाली उतरताना सावरकरांनी त्यांना यश चिंतून निरोप दिला. आत्माचरण यांना बडगे एकूण विश्वासार्ह साक्षीदार वाटला. पण माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा हवा, हा पुरावा-कायद्यातील रूढ दंडक त्यांनी लावला. या भागाला तसा दुजोरा नव्हता. सरकारने या सुटकेविरुद्ध अपील केले नाही.

ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे व पाहवा सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त झालेल्या समारंभात ‘केसरी’चे माजी संपादक आणि लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी आपल्याला या बेताची आधी कल्पना होती, असे सांगितले. संसदेत आणि महाराष्ट्र विधिमंडळात गदारोळ झाला आणि १९६५ मध्ये गोपाळ स्वरूप पाठक यांची चौकशीसाठी नियुक्ती झाली. पाठक मंत्री झाल्यावर हे काम सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे आले. कपूर आयोगाने १०१ साक्षीदार व ४०७ दस्तऐवज तपासून १९६९ मध्ये अहवाल दिला.

आयोगापुढे सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांनी १९४८ मध्ये मुंबई पोलिसांना दिलेले जबाब होते. त्यांत हत्येच्या आधीच्या दिवसांत गोडसे व आपटे यांच्या सावरकरांशी झालेल्या भेटींचा उल्लेख आहे. या व इतर बाबी एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या खुनाच्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, असे कपूर यांनी नोंदवले.

हा उतारा दोन्ही बाजू आपापल्या परीने वाचतात. सावरकरांचा सहभाग मानणारे विचारतात की, कासार व दामले यांना लाल किल्ल्यात साक्षीदार म्हणून का उभे केले नाही? तसे झाले असते तर बडगेला हवा असलेला दुजोरा मिळाला असता, असा त्यांचा युक्तिवाद. विरोधी पक्ष म्हणतो की, पोलिसांसमोरचा जबाब म्हणजे पुरावा नव्हे, या जबाबांची उलटतपासणी कधी झाली नाही आणि २६ फेब्रुवारी १९६६ रोजी निधन झालेल्या सावरकरांना आयोगापुढे उत्तर देण्याची संधीच नव्हती. शिवाय आयोगाचे काम हत्येची पूर्वकल्पना कोणाला होती आणि सरकारने काय केले हे शोधण्याचे होते, दोषनिश्चितीचे नव्हते. आयोगाने फौजदारी न्यायालयाच्या सुटकेच्या निर्णयात हस्तक्षेप केलेला नाही आणि त्याला तो करताही आला नसता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. कायद्याच्या दृष्टीने सावरकर निर्दोष आहेत. इतिहासकारांचा वाद मात्र संभाव्यतेच्या पातळीवर चालू आहे.

तपासातील ढिलाई की संगनमत?

दुसरी उपपत्ती अशी की, हत्या होऊ दिली गेली. तिला खतपाणी देणारी वस्तुस्थिती भरपूर आहे. मुंबईच्या रुइया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना पाहवाने स्फोटापूर्वीच बेताविषयी सांगितले होते. स्फोटाची बातमी वाचून जैन २१ जानेवारीला मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. मोरारजींनी त्याच रात्री पोलीस उपायुक्त जिमी नगरवाला यांना बॉम्बे सेंट्रल स्थानकावर गाठून करकरेला अटक करण्यास व सावरकरांच्या घरावर नजर ठेवण्यास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत वल्लभभाई पटेलांच्या कानावर घातले. दिल्लीत पाहवाच्या जबानीत पुण्याच्या मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा धागा होता. मरीना हॉटेलातून धुण्याला दिलेल्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ ही अक्षरे होती. एवढे असूनही ‘अग्रणी’च्या संपादकाचा माग वेळेत लागला नाही.

दिल्ली पोलिसांचे अधिकारी मुंबईला आले, पण अनर्थ टळेल असे काही हाती न घेताच परतले. संपादकाचा उल्लेख असलेले टिपण आपण मुंबईला दिले, असा दिल्लीचा दावा. ते मिळालेच नाही, असे नगरवाला यांचे म्हणणे. कपूर यांनी या कागदाची बारकाईने छाननी केली. नगरवाला यांनी हा कट गांधींच्या अपहरणाचा असल्याचे गृहीत धरले होते. जैन यांच्या माहितीशी न जुळणारी ही समजूत कपूर यांनी चुकीची ठरवली. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा त्या वेळी दिल्लीत होते. पाहवाची जबानी त्यांच्या हाती येऊनही ते अलाहाबादमार्गे रेल्वेने परतले. त्यांच्या या संथपणावरही आयोगाने ठपका ठेवला.

जयप्रकाश नारायण यांनी हत्येनंतर लगेचच गृहखात्यावर जाहीर टीका केली. पटेलांचे उत्तर असे की, बिर्ला भवनात पहारा वाढवला होता, पण सभेला येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास गांधींनीच नकार दिला. आयोगाच्या नोंदींतून दिसते ती दोन प्रांतांच्या पोलिसांतील विसंवादाची, हुद्द्यांच्या मानापमानाची आणि चुकीच्या तर्काला चिकटून राहण्याची कहाणी. नेतृत्वाच्या पातळीवर जाणूनबुजून डोळेझाक झाल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. तरी ‘इतकी चूक अनवधानाने कशी होईल?’ हा प्रश्न या उपपत्तीला जिवंत ठेवतो.

‘चौथी गोळी’

खटल्यात तीन गोळ्यांचा पुरावा आला. त्या काळच्या काही वृत्तपत्रांनी मात्र चार गोळ्यांचा उल्लेख केला होता. शवविच्छेदन झालेले नव्हते, ही बाबही संशयाला पोषक ठरली. मुंबईचे पंकज फडणीस यांनी यातून दुसऱ्या मारेकऱ्याची उपपत्ती मांडली. पिस्तुलात सात काडतुसे मावत आणि चार न उडालेली सापडली. मग चौथी जखम असेल तर ती दुसऱ्याच शस्त्राची, असे त्यांचे गणित होते. त्याला त्यांनी ‘फोर्स १३६’ या ब्रिटिश गुप्त संघटनेच्या सहभागाची जोड दिली.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमले. गोळ्या, पिस्तूल, मारेकरी आणि कट यांची ओळख पूर्वीच रीतसर पटली असून परकीय हाताच्या दाव्याला आधार नाही, असा अहवाल त्यांनी दिला. २८ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. या उपपत्तीचा कच्चा दुवा उघड आहे : गोंधळाच्या क्षणी लिहिलेल्या बातमीतील आकड्यावर ती उभी आहे. मारेकऱ्याला प्रथम कोणी धरले याविषयीही बिर्ला भवनातील माळी रघू नायक, अमेरिकी वकिलातीतील हर्बर्ट रायनर अशी वेगवेगळी नावे सांगितली जातात. प्रत्यक्षदर्शींच्या कथनातील असा फरक अपेक्षितच असतो. तेवढ्यावरून दुसरा मारेकरी सिद्ध होत नाही.

हेतूचा वाद : पंचावन्न कोटी

मराठी वाचकांना सर्वाधिक परिचित असलेला वाद हेतूचा. अविभाजित भारताच्या रोख शिल्लकीतून पाकिस्तानला ७५ कोटी रुपये देणे ठरले होते. २० कोटी दिल्यानंतर काश्मीरमधील युद्धामुळे उरलेले ५५ कोटी रोखले गेले. गांधींनी १३ ते १८ जानेवारी १९४८ या काळात उपोषण केले आणि त्याच दरम्यान सरकारने ही रक्कम देण्याचे ठरवून १५ जानेवारीला जाहीर केले. गोपाळ गोडसे यांच्या ‘पंचावन्न कोटींचे बळी’ या पुस्तकाच्या नावातच ही कारणमीमांसा सामावलेली आहे.

तिच्यावरचा आक्षेप तारखांचा आहे. नथुरामने आपल्या दोन विमापत्रांवर आपटे व गोपाळ यांच्या पत्नींची नावे १३ व १४ जानेवारीला लावली. बडगे शस्त्रे घेऊन १४ जानेवारीला मुंबईत पोहोचला. म्हणजे रक्कम देण्याची घोषणा होण्यापूर्वीच तयारी सुरू होती. उपोषण सोडण्यासाठी दिल्लीतील पुढाऱ्यांनी मान्य केलेल्या अटी शहरातील मुस्लिमांच्या सुरक्षिततेविषयी होत्या. त्यांत पंचावन्न कोटींचा उल्लेख नव्हता. य. दि. फडके यांनी ‘नथुरामायण’मध्ये अशा समजुतींचा समाचार घेतला आहे.

आक्षेप घेणारे याला जोडून आधीच्या हल्ल्यांकडे बोट दाखवतात. २५ जून १९३४ रोजी पुण्यात गांधींच्या स्वागताच्या वेळी बाँब फेकला गेला आणि १९४४ मध्ये पाचगणीत त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली. गांधीद्वेष फाळणीहून जुना होता, एवढे यावरून नक्की म्हणता येते. मात्र पुण्याचा हल्लेखोर सापडला नाही आणि पाचगणीत सुरा उगारला गेला का, यावर मतभेद आहेत. म्हणून या घटनांना १९४८ च्या कटाची आधीची पायरी ठरवणे हाही पुराव्यापलीकडचा निष्कर्ष ठरतो.

साहित्य, रंगभूमी आणि सामाजिक परिणाम

हत्येनंतर महाराष्ट्रात, विशेषतः पुणे, सातारा, सांगली व कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर घातलेली बंदी जुलै १९४९ मध्ये उठली. या दोन्ही घटनांमुळे कटाची चर्चा महाराष्ट्रात केवळ इतिहासाची राहिली नाही. जात आणि पक्षनिष्ठा यांचे रंग तिला चढले. मनोहर माळगावकर यांचे ‘द मेन हू किल्ड गांधी’ (१९७८) आणि जगन फडणीस यांचे ‘महात्म्याची अखेर’ ही कटाच्या तपशिलांवरील महत्त्वाची पुस्तके. प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावर १९९८ मध्ये बंदी आली आणि २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. नथुरामचे निवेदन रंगमंचावरून ऐकणाऱ्या प्रेक्षकासमोर त्या निवेदनाला न्यायालयात मिळालेले उत्तर येत नाही, ही या नाटकावरील मुख्य टीका होती.

मूल्यमापन

या चारही वादांत पुराव्याची पातळी सारखी नाही. कटाचे अस्तित्व दोन न्यायालयांत सिद्ध झाले आहे. पोलिसी हलगर्जी चौकशी आयोगाने कागदपत्रांनिशी दाखवली आहे. सावरकरांविषयीचा प्रश्न न्यायालयीन सुटका आणि आयोगाचे प्रतिकूल निरीक्षण यांमध्ये उभा आहे. तेथे मतभेदाला खरी जागा आहे. दुसऱ्या मारेकऱ्याची उपपत्ती न्यायालयीन तपासणीत टिकली नाही. जाहीर वादात हे फरक पुसले जातात : सिद्ध झालेल्या हलगर्जीवरून संगनमत गृहीत धरले जाते, सुटकेच्या निकालाला संपर्कच नसल्याचे प्रमाणपत्र मानले जाते आणि आयोगाचे निरीक्षण शिक्षेसारखे उद्धृत होते. त्यामुळे या विषयावरील कोणताही नवा दावा तपासताना तो न्यायनिर्णय, आयोगाचा निष्कर्ष, पोलिसांपुढचा जबाब आणि वर्तमानपत्री बातमी यांपैकी कशावर आधारलेला आहे, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते.