वार्धक्यातील शरीरसंघटन

शरीराच्या एकूण वजनात मेद, स्नायू, अस्थी व पाणी यांचे जे परस्परप्रमाण असते, त्यास शरीरसंघटन म्हणतात. निरोगी वार्धक्यातही हे प्रमाण पालटते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात व साठीनंतर ही घट वेगाने होते. मेद पोटात व अंतर्गत इंद्रियांभोवती साचतो. अस्थी विरळ होतात, विशेषतः स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर. स्नायूंची जागा मेदाने घेतल्यास वजन स्थिर राहते व घट लक्षात येत नाही. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा मुख्यतः वजनापलीकडे पाहण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

साठीनंतर धातू व बल यांचा ऱ्हास होतो, असे चरकसंहितेत सांगितले आहे. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी 1832 मध्ये दाखविले. या गुणोत्तराला अँसेल कीज व त्यांचे सहकारी यांनी 1972 मध्ये ‘शरीर-वस्तुमान निर्देशांक’ हे नाव दिले. त्यातून मेद व स्नायू वेगवेगळे कळत नाहीत. अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेंके यांनी 1942 मध्ये पाण्याखाली वजन करून शरीराची घनता मोजली. वजनाच्या निकषाने अपात्र ठरणाऱ्या अनेक फुटबॉलपटूंच्या शरीरात मेद अल्पच असल्याचे तीवरून आढळले. स्नायूंत पोटॅशियम विपुल असते. त्यातील नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजून फोर्ब्स व रेना यांनी 1970 मध्ये मेदविरहित वस्तुमान वयाबरोबर घटते, असे दाखविले. या स्नायुऱ्हासास अर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये ‘सार्कोपीनिया’ ही संज्ञा दिली.

महाराष्ट्रात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी केलेले संशोधन महत्त्वाचे आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत 1993 मध्ये सुरू झालेल्या पाहणीत, कमी वजनाच्या नवजात अर्भकांत स्नायू कमी, परंतु मेद तुलनेने टिकून असल्याचे आढळले. 2004 मध्ये याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा निर्देशांक 22.3 होता; मेद मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1%, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2% होता.

रक्तातील ग्लुकोज मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. त्यामुळे स्नायूंचा साठा मुळातच कमी असलेल्या व्यक्तीस वार्धक्यातील घट अधिक बाधक ठरण्याचा संभव असतो. मधुमेह, तोल जाणे व अस्थिभंग यांचा धोका केवळ वजनावरून ओळखता येत नाही. कंबरेचा घेर, हाताच्या पकडीचे बल व चालण्याची गती हीही पाहावी लागतात.

हा ऱ्हास सर्वस्वी अटळ मात्र नाही. 1990 मध्ये बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांना आठ आठवडे भारव्यायाम दिल्यावर त्यांचे पायांचे बल सरासरी 174 टक्क्यांनी वाढले.