दूषित घरांची शुद्धि : प्लेगकालीन एक टिपण

मालगुंडास जाणारा प्रवासी कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचें जन्मघर व १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें उद्घाटित झालेलें स्मारक पाहून परततो. मुंबईंत प्लेग, म्हणजे त्या वेळच्या भाषेंत ग्रंथिक सन्निपात, पसरला तेव्हां हे कवि तें शहर सोडून खानदेशांत गेले आणि १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळीस त्याच रोगानें वारले, हें मात्र त्याच्या ध्यानीं क्वचितच येतें. मुंबईच्या चाळींत बिऱ्हाड करून राहिलेल्या रत्नागिरीकरांच्या कित्येक कुळांचा इतिहास या सांथींत तुटला. 'घर दूषित झालें' याचा अर्थ तेव्हां काय घेतला गेला व तें शुद्ध कसें केलें गेलें, एवढाच प्रश्न येथें घेतों.

प्रश्न जुनाच आहे. याज्ञवल्क्यानें आचाराध्यायांत भूमिशुद्धीचे उपाय दिले आहेत ते असे : झाडणें, जाळणें, काल जाऊं देणें, गाईंचें वावरणें, शिंपणें, खरवडणें व सारवणें. मनूची यादी पांचांचीच असून तींत जाळणें व काल हे दोन नाहींत. हा भेद आमच्या मतें महत्त्वाचा आहे. कारण पुढें कळेल.

सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगास यांनीं मांडवींत हा रोग ओळखला. त्या हिवाळ्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला व मार्चांत जनरल गॅटेकर यांच्या हाताखालीं प्लेग-समिति बसली. घरें शुद्ध करण्याची तिची रीत अशी : बंबानें पाणी मारावें, मोऱ्या धुवाव्या, मातीची जमीन उकरून काढावी, रसकापुराचें किंवा कार्बोलिक ॲसिडाचें पाणी शिंपावें, भिंतींस चुना द्यावा, उजेड यावा म्हणून कौलें उतरावीं आणि टाकाऊ ठरेल तें सामान जाळावें. याज्ञवल्क्याच्या यादींतील गाय तेवढी राहिली! जें घर राहण्यास अयोग्य ठरे त्यावर 'यू. एच्. एच्.' हीं अक्षरें रंगवीत. पुण्यांत हेंच काम रँडसाहेबांनीं गोऱ्या शिपायांकरवीं केलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं त्याचा परिणाम काय झाला हें वाचकांस सांगावयास नको.

या सर्व खटाटोपामागें एक समजूत होती कीं, विष जमिनींत व भिंतींत मुरलेलें असतें. रोगाचा जंतु येर्सिन यानें १८९४ सालींच हाँगकाँगास शोधला होता. परंतु तो घरांत शिरतो कसा याचा उलगडा नव्हता. सिमाँ यानें १८९८ सालीं कराचींत उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविलें, पण तें मान्य होण्यास १९०५ नंतरचें प्लेग-संशोधन-मंडळाचें परळ येथील काम व्हावें लागलें. म्हणजे चुना भिंतीस लागत होता आणि रोग कौलांतून व बिळांतून पळत होता. उंदीर पडूं लागतांच घर सोडून रानांत झोंपड्या घालून राहण्याची जी लोकांची रीत होती, ती मात्र उपयोगी पडे. मनूनें न सांगितलेला व याज्ञवल्क्यानें सांगितलेला 'काल' तो हाच, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. शास्त्रकारास पिसू ठाऊक होती असा दावा मात्र आम्ही करीत नाहीं.

नोव्हेंबर १८९८ मध्यें मुंबई शहर सुधारणा मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झालें. आतां धुणें संपून पाडणें आलें. नागपाड्याची दाट वस्ती प्रथम हातीं घेतली. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते वारा खेळावा म्हणून वस्तींतून काढले. आग्रीपाड्यास चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याच्या शेतजमिनींवर नवीं उपनगरें आंखलीं. तीं आजही डोळ्यांस सुखवितात. परंतु ज्यांचीं घरें पाडलीं तो हमाल व गिरणीकामगार दादरास गेला नाहीं. कामाच्या ठिकाणाजवळ राहणें त्यास भाग असल्यानें तो शेजारच्या चाळींतच कोंबला गेला व तेथील गर्दी वाढली. घर शुद्ध झालें, पण तें त्यांत राहणाऱ्याचें उरलें नाहीं. १९३३ सालीं हें मंडळ महापालिकेंत विलीन झालें.

आमच्या वाचकांचा या प्रकरणाशीं आणखी एक निकटचा संबंध आहे. जुन्या घरीं दप्तर पाहावयास गेलें असतां 'तें प्लेगांत गेलें' हें उत्तर आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. कसर लागलेलें जुनें कागद-बासन शिपायाच्या दृष्टीस टाकाऊ सामानच ठरणार. तथापि प्रत्येक वेळीं आग हेंच कारण असेल असें नाहीं. घाईनें सोडलेल्या घरांत वाळवीनेंही काम साधलें असेल, आणि कांहीं रुमाल आप्तांकडे गांवीं पोंचून तेथेंच माळ्यावर राहिले असतील. म्हणून असें उत्तर मिळाल्यास तेवढ्यावर न थांबतां कुटुंब कोणत्या सालीं, कोठून व कोणाकडे गेलें हें विचारून घ्यावें. घर पाडल्याची नोटीस वा मोबदल्याची पावती सांपडल्यास तीही दप्तराबरोबर नकलून ठेवावी. अव्वल इंग्रजीनंतरचा कागद म्हणून ती बाजूस टाकूं नये.