नाव, गट आणि अधिकार : संगणकातील खात्यांचा इतिहास आणि सेवाग्राम

एखादे साधन अनेकांनी मिळून वापरायचे ठरले की तीन प्रश्न अटळपणे पुढे येतात : वापरणारी व्यक्ती नेमकी कोण, ती कोणत्या समूहात मोडते, आणि त्या साधनाच्या कोणत्या भागावर तिचा कितपत अधिकार चालतो. संगणकाच्या क्षेत्रात या प्रश्नांची उत्तरे खाते, गट आणि परवानगी या तीन संकल्पनांत बांधली गेली, आणि त्यांची देखभाल आजही मोठ्या प्रमाणावर कमांड लाइनवरून, म्हणजे पडद्यावरची बटणे न दाबता आज्ञा ओळीओळीने टंकित करून, केली जाते. या व्यवस्थेच्या मुळाशी सामाईक मालमत्तेचा आणि परस्परविश्वासाचा एक विचार आहे. तोच विचार वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या संस्थांना संगणक येण्यापूर्वी कित्येक वर्षे कागदावर आणि धान्याच्या मापांत करावा लागला होता. म्हणून या दोन इतिहासांकडे एकत्र पाहिल्यास दोन्हींचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

पहिला प्रश्न नावाचा. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहण्यास आले, त्याचे नाव तेव्हा शेगाव होते आणि त्याची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. परंतु बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेले आणि रेल्वेमार्गावर असलेले दुसरे शेगाव होते, आणि गांधीजींच्या नावे येणाऱ्या टपालाचा तिकडे घोटाळा होत असे. या अडचणीमुळे 1940 मध्ये गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. एकाच व्यवस्थेत दोन ठिकाणे एका नावाने नोंदली गेली तर व्यवस्था कितीही कार्यक्षम असली तरी चुकणारच, हे टपालखात्याच्या अनुभवाने जे सिद्ध केले, तेच पुढे संगणकरचनाकारांनी नियम म्हणून स्वीकारले : एका यंत्रावर दोन खात्यांना एक नाव देता येत नाही.

दुसरा प्रश्न समूहाचा, आणि त्याचे सेवाग्राममधील उत्तर अधिक समृद्ध आहे. कस्तुरबांचे 1944 मध्ये निधन झाल्यानंतर त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने येथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी छोटे रुग्णालय उभे राहिले. 1964 मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली, आणि गांधी जन्मशताब्दीच्या 1969 या वर्षी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने 1981 पासून परिसरातील खेड्यांमध्ये आरोग्यविम्याची जी योजना रुजली, तिच्यात वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने घेतली जाई आणि ती कुटुंबाच्या ऐपतीनुसार ठरे; भूमिहीनाचा वाटा कमी, तर जमीनधारकाचा वाटा जमिनीच्या प्रमाणात जास्त असे. योजनेचे वैशिष्ट्य असे की सभासद कुटुंब असले तरी सहभागाचा निर्णय गावाचा मानला जाई : गावातील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील झाल्याशिवाय गाव योजनेत घेतले जात नसे. अकस्मात आलेल्या आजाराला एक न्याय आणि आधीपासून ठाऊक असलेल्या उपचाराला दुसरा, असाही भेद त्यात होता. कुटुंबाची नोंद, गावाचे सदस्यत्व आणि त्यातून मिळणारा विशिष्ट हक्क अशी तिहेरी रचना येथे वहीच्या आधारे चालत होती. आणि ती टिकण्याचे कारण हे होते की कोणाला काय मिळणार हे कोणाच्या मर्जीवर न सोपवता आधी ठरवलेले व लिहिलेले होते.

संगणकाच्या बाबतीत हीच गरज यंत्राच्या किमतीतून निर्माण झाली. 1950 च्या दशकातील संगणक इतके महाग होते की एका वेळी एकाच व्यक्तीने ते अडवून ठेवणे परवडत नसे; म्हणून यंत्राचा वेळ सूक्ष्म तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी काम करू देण्याची पद्धत, म्हणजे कालविभागणी, पुढे आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने 1961 मध्ये सीटीएसएस या अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले, आणि प्रत्येकाच्या फाइली खाजगी राहाव्यात म्हणून तिच्यात पासवर्डचा उपयोग करण्यात आला. या उपायाची मर्यादाही तेथेच उघड झाली. 1966 मध्ये फाइली संपादित करताना झालेल्या गफलतीमुळे सर्वांना दाखवायच्या दैनंदिन सूचनेच्या जागी पासवर्डांची संपूर्ण यादी पडद्यावर येऊ लागली. सर्वांची गुपिते एका ठिकाणी, वाचता येईल अशा स्वरूपात साठवणे धोक्याचे आहे, हा या घटनेचा धडा होता.

सेवाग्रामचे महाविद्यालय सुरू झाले त्याच 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची पायाभरणी केली, आणि आजच्या खात्यांची परिभाषा प्रामुख्याने तिच्यातून आली आहे. तिच्यात खात्याची नोंद ‘पासवर्ड’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत एका ओळीत केली जाते. पुढे रूढ झालेल्या स्वरूपात या ओळीत सात रकाने असतात : खात्याचे नाव, पासवर्डची जागा, खात्याचा क्रमांक, मुख्य गटाचा क्रमांक, व्यक्तीविषयीची माहिती, तिची स्वतःची निर्देशिका, म्हणजे फाइली ठेवण्याची जागा, आणि प्रवेशानंतर सुरू होणारा आज्ञा-दुभाष्या, ज्याला शेल म्हणतात. यंत्र फाइलीची मालकी नावाने लक्षात ठेवत नाही, क्रमांकाने ठेवते. नाव माणसांच्या सोयीसाठी असते. पाचव्या रकान्याला आजही गेकॉस म्हणतात, कारण बेल प्रयोगशाळेतून त्या नावाच्या दुसऱ्या प्रणालीकडे काम पाठवताना लागणारी माहिती तेथे लिहिली जात असे. ती प्रणाली मागे पडली, पण तिची खूण लाखो यंत्रांत राहिली.

युनिक्सच्या आरंभीच्या आवृत्तीत फाइलीच्या बाबतीत मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते. दोन टोकांमधील ही पोकळी सहकार्याने काम करणाऱ्यांना अडचणीची होती, कारण सहकाऱ्याला फाइल दाखवायची तर ती सर्वांनाच खुली करावी लागे. 1975 मध्ये बाहेर आलेल्या सहाव्या आवृत्तीत मालक, गट आणि इतर अशी त्रयी दिसते, आणि प्रत्येकासाठी वाचणे, लिहिणे व चालवणे या तीन परवानग्या मिळून नऊ खुणांचा तक्ता तयार होतो. ‘सीएचमॉड’ या आज्ञेने 640 हा आकडा दिला तर मालकाला वाचण्या-लिहिण्याची, गटाला फक्त वाचण्याची मुभा मिळते आणि इतरांना काहीही मिळत नाही. तरीही एक व्यक्ती एका वेळी एकाच गटात वावरू शके, आणि गट बदलण्यासाठी ‘न्यूग्रुप’ ही आज्ञा द्यावी लागे. माणूस प्रत्यक्षात अनेक समूहांचा सदस्य असतो, ही वस्तुस्थिती बर्कले विद्यापीठाच्या 1983 मधील 4.2 बीएसडी या आवृत्तीने मान्य केली आणि एका खात्याला एकाच वेळी अनेक गटांचे सदस्यत्व दिले.

पासवर्डच्या सुरक्षिततेचा इतिहास याला समांतर चालला. 1979 मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि थॉम्पसन यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात 3,289 पासवर्ड तपासले असता त्यांतील 86 टक्के सहज हाती लागण्याजोगे असल्याचे दाखवले होते. पासवर्ड मूळ रूपात न साठवता उलट न फिरवता येणाऱ्या गणिती रूपात ठेवणे, आणि दोन व्यक्तींनी एकच शब्द निवडला तरी साठवलेले रूप वेगळे दिसावे म्हणून त्यात यादृच्छिक अंश मिसळणे, ही पद्धत त्यांनी तेथे विशद केली. पुढे ही गणिती रूपेही सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलीतून काढून ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या, फक्त व्यवस्थापकाला वाचता येणाऱ्या फाइलीत हलवण्यात आली. खाती हाताने फाइल संपादित करून उघडण्याची जोखीमही कमी झाली, कारण ‘युजरॲड’, ‘युजरमॉड’, ‘युजरडेल’ आणि ‘ग्रुपॲड’ या ठरावीक आज्ञा उपलब्ध झाल्या.

भारतात सामाईक संगणकाची परंपरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये बसवलेल्या सीडीसी 3600 या यंत्राने दृढ झाली, आणि 1970 च्या दशकात तेथील डीईसी-10 या यंत्रावर कालविभागणी पद्धतीने काम होऊ लागले. 1988 मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला. याच सी-डॅकच्या सहकार्याने चालू शतकाच्या पहिल्या दशकात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात रुग्णालय माहिती प्रणाली आली, आणि नोंदणी, तपासण्या, औषधे व देयके यांच्या नोंदी वह्यांतून संगणकात जाऊ लागल्या.

रुग्णालयाच्या अशा प्रणालीत खात्यांचे दोन थर असतात, आणि ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. सर्व्हरच्या तळाशी असलेल्या कार्यप्रणालीवर मोजकीच खाती असतात : देखभाल करणाऱ्यांची, आणि माहितीसाठा किंवा वेबसेवा यांसारख्या प्रोग्रामांची, ज्यांच्या नावाने कोणी माणूस प्रवेश करू शकत नाही. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, औषध वितरक आणि रोखपाल यांची खाती वरच्या प्रणालीत असतात, आणि तेथे गटाची कल्पना ‘भूमिका’ या अधिक सूक्ष्म रूपात येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी 1992 मध्ये मांडलेल्या भूमिकाधारित नियंत्रणाच्या सिद्धांतानुसार अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला दिले जातात आणि व्यक्तीला भूमिका दिली जाते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने निष्कर्ष नोंदवावा पण औषध लिहू नये, रोखपालाने रक्कम पाहावी पण निदान पाहू नये, अशा मर्यादा मालक-गट-इतर या जुन्या त्रयीत बसवता येत नव्हत्या. भारत सरकारने 2013 मध्ये जाहीर केलेली आणि 2016 मध्ये सुधारलेली इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानकेही अशाच नियंत्रणाची अपेक्षा ठेवतात.

शिकवणाऱ्या रुग्णालयात या व्यवस्थेची खरी कसोटी माणसांच्या ये-जा करण्याने लागते. आंतरवासी वर्षभराने जातात, पदव्युत्तर निवासी तीन वर्षांनी जातात, विभाग बदलतात, आणि प्रत्येक बदलाबरोबर जुना अधिकार काढणे व नवा देणे आवश्यक होते. युनिक्सच्याच धर्तीवरील लिनक्स या प्रणालीच्या कमांड लाइनवर ‘युजरमॉड’ने कोणाला नव्या गटात घालताना मोठ्या जी या खुणेसोबत जोडण्याचा अर्थ देणारी लहान ए ही खूण राहून गेली, तर त्या खात्याचे आधीचे सर्व अतिरिक्त गट नाहीसे होतात आणि एका अक्षराच्या अभावी कामकाज थांबू शकते. खाते काढून टाकून त्याचा क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला, तर पहिल्याच्या मागे राहिलेल्या फाइली आपोआप दुसऱ्याच्या मालकीच्या ठरतात, कारण यंत्राला क्रमांकच ठाऊक असतो. म्हणून गेलेल्या व्यक्तीचे खाते तत्काळ पुसण्यापेक्षा आधी बंद करणे, फाइली योग्य मालकाकडे सोपवणे आणि क्रमांक पुन्हा न वापरणे ही शहाणपणाची रीत मानली जाते. रुग्णाच्या नोंदीखाली डॉक्टरचे नाव कायम राहिले पाहिजे, मग तो डॉक्टर संस्थेत असो वा नसो, हा वैद्यकीय जबाबदारीचा नियमही याच रीतीला दुजोरा देतो.

उरतो तो सर्वाधिकारी खात्याचा प्रश्न. युनिक्समध्ये शून्य क्रमांकाच्या खात्याला, ज्याला रूट म्हणतात, नेहमीच्या परवानग्या अडवू शकत नाहीत. हा अधिकार थोड्या कामापुरता उसना देण्याची युक्ती डेनिस रिची यांनी ‘सेटयूआयडी’ या खुणेत शोधली, जिचे एकस्व त्यांना 1979 मध्ये मिळाले. तिच्यामुळे सामान्य वापरकर्ता स्वतःचा पासवर्ड बदलू शकतो, पण पासवर्डांच्या फाइलीला हवा तसा हात लावू शकत नाही. 1980 च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात तयार झालेल्या ‘सुडू’ या आज्ञेने पुढचे पाऊल टाकले : अधिकाराची व्यक्ती स्वतःच्या खात्यानेच प्रवेश करते, नेमून दिलेल्या आज्ञांपुरती वरची सत्ता वापरते, आणि कोणी, केव्हा, काय केले याची नोंद ठेवता येते.

सेवाग्रामशी जोडलेल्या गांधीविचारात मालकाला संपत्तीचा विश्वस्त मानण्याची कल्पना केंद्रस्थानी होती, आणि रुग्णालयाच्या सर्व्हरवरील सर्वाधिकारी खात्यासाठी याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण आहे. ज्याला सर्व रुग्णांच्या सर्व नोंदी वाचता येतात, त्याचा त्या नोंदींवर कोणताही स्वामित्वहक्क नसतो. त्या रुग्णांच्या असतात आणि त्याच्याकडे त्या सांभाळण्यासाठी सोपवलेल्या असतात. मात्र विश्वस्तवृत्ती केवळ सद्भावनेवर सोडून चालत नाही, हे ज्वारीच्या योजनेनेही दाखवले आणि संगणकाच्या साठ वर्षांच्या इतिहासानेही दाखवले. प्रत्येक व्यक्तीचे वेगळे खाते असणे, एकच पासवर्ड वॉर्डातल्या सर्वांनी न वापरणे, गटांची यादी ठरावीक काळाने तपासणे आणि वरच्या सत्तेचा प्रत्येक वापर नोंदलेला असणे, या साध्या शिस्तीमुळेच विश्वासाला हिशेब देता येतो. उपचारासाठी दूरच्या खेड्यातून आलेल्या शेतमजूर स्त्रीला या आज्ञा कधी दिसणार नाहीत, परंतु तिच्या आजाराची माहिती योग्य हातांतच राहील की नाही हे त्या ओळींवर ठरते. म्हणून खाती व गट सांभाळण्याचे हे दुर्लक्षित काम रुग्णसेवेचाच भाग मानले गेले पाहिजे, आणि ते करणाऱ्यांना तेवढ्याच गांभीर्याने प्रशिक्षण व वेळ मिळाला पाहिजे.