पंधरा वर्षांची रात्रपाळी

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील अंतर वाजवीपेक्षा मोठे आहे, ही गोष्ट युरोपातील खगोलशास्त्रज्ञांना फार दिवस खुपत होती. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझीला त्या मोकळ्या जागेत सेरेस सापडला. पाठोपाठ १८०२ साली पॅलस, १८०४ साली जूनो आणि १८०७ साली व्हेस्टा हाती लागले. मग शोध जो थांबला, तो अडतीस वर्षे. लघुग्रह चारच, अशी बहुतेकांची समजूत होऊन बसली.

ही कोंडी फोडली ती कोणा प्राध्यापकाने नव्हे. प्रशियातील ड्रीझन या लहान गावी, जे आज पोलंडमध्ये आहे, कार्ल लुडविग हेंके नावाचा टपाल खात्यात नोकरी केलेला गृहस्थ राहत असे. १८३० च्या सुमारास त्याने आपल्या घरूनच दुर्बिणीने पाचव्याचा शोध आरंभिला. ८ डिसेंबर १८४५ च्या रात्री वृषभ राशीत त्याला एक अंधुक तारा दिसला. नकाशात त्या जागी तारा नव्हता. त्याने बर्लिनला कळविले. तेथील वेधशाळेने पाहिले, तो तारा जागचा हललेला! हेंके तेव्हा ५२ वर्षांचा होता.

आता हे काम काय होते ते पाहू. दुर्बिणीत लघुग्रह हुबेहूब ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. फरक एवढाच की तारा जागेवर राहतो आणि लघुग्रह सरकतो. तोही दिवसाकाठी सुमारे अर्ध्या चंद्रबिंबाएवढा. म्हणजे नवखा ओळखायचा, तर वस्तीतला प्रत्येक जुना रहिवासी आधी ठाऊक हवा. ढग आणि चांदणे चुकवून हेंकेने ही हजेरी पंधरा वर्षे घेतली.

या लघुग्रहाला ॲस्ट्रिया हे नाव मिळाले. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या २.५७ पट, म्हणजे सुमारे ३८.५ कोटी किलोमीटर. कक्षा लांबट आहे. सूर्याजवळ येतो तेव्हा हे अंतर सुमारे ३१ कोटी, दूर जातो तेव्हा सुमारे ४६ कोटी. पृथ्वीच्या कक्षेशी तिचा कल साधारण साडेपाच अंशांचा. प्रदक्षिणेचा काळ काढायला केप्लरचा नियम पुरे. २.५७ चा घन करा, सुमारे १७ येतो. त्याचे वर्गमूळ ४.१२. म्हणजे चार वर्षे आणि दीड महिना. श्रोत्यांपैकी कोणीही घरी कागदावर हा हिशेब करून पाहावा. आकाशाचा कायदा सर्वांना सारखा लागू आहे, हे त्यात दिसेल.

हेंकेची गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. चिकाटी आम्हांला मान्य आहे. परंतु कामगारांत आयुष्य घालविलेल्या आम्हांला आणखी दोन प्रश्न सुचतात. त्याच्या हातातला नकाशा कोठून आला? आणि रात्र जागायला सवड कोठून आली?

नकाशा एकट्याचा नव्हता. बेसेलच्या सूचनेवरून बर्लिनच्या अकादमीने आकाशातील विषुववृत्ताजवळचा पट्टा २४ भागांत वाटून निरनिराळ्या ज्योतिर्विदांकडे सोपविला होता. हेंकेने त्यात आपल्या ताऱ्यांची भर घातली. त्याच मालिकेतील एका नकाशाच्या साह्याने २३ सप्टेंबर १८४६ रोजी गाल्ले याला नेपच्यून सापडला. अनेकांनी तारे मोजले, म्हणून एकाला नवा दिसला. सवडीचे म्हणाल, तर हेंके गिरणीतला मजूर नव्हता. दिवसभर राबून ज्याचे डोळे मिटतात, त्याच्या चिकाटीला आकाश कधी दिसतच नाही. कामाच्या तासांचा लढा हा केवळ झोपेचा लढा नव्हे, तो याही गोष्टीसाठी आहे.

१ जुलै १८४७ रोजी हेंकेला दुसरा लघुग्रह मिळाला. त्याचे हीबी हे नाव ठेवण्याचा मान त्याने गाउसला दिला. वाट मोकळी झाली होती. १८६८ पर्यंत संख्या शंभरावर गेली. आज ती दहा लाखांच्या पुढे आहे.

ॲस्ट्रिया ही ग्रीकांची न्यायदेवता. माणसे बिघडली तेव्हा सगळ्यांत शेवटी ती पृथ्वी सोडून आकाशात गेली, अशी कथा आहे. ज्ञानाचे नकाशे सर्वांच्या हाती आणि ते वाचायची सवड सर्वांच्या पदरी पडेल, तेव्हा तिला आकाशात शोधण्याची गरज उरणार नाही.